टेबलामागे एक सिस्टर

इंग्लंडमधल्या 2005 ते 2014 या दहा वर्षांतल्या पन्नास लाखांहून अधिक जन्मांच्या वेळा संशोधकांनी तपासल्या, तेव्हा एक गोष्ट स्वच्छ दिसली. आपोआप कळा सुरू होऊन झालेली नैसर्गिक बाळंतपणं पहाटे चारच्या आसपास सर्वाधिक होतात. ठरवून केलेली सिझेरियन सकाळच्या वेळात उरकतात. म्हणजे रुग्णालयाच्या सोयीने येणारी बाळं दिवसा येतात आणि आपल्या वेळेने येणारी रात्री. महाराष्ट्रातल्या अनेक सरकारी रुग्णालयांत परिचारिकांच्या पाळ्या सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा असतात. सर्वांत लांब पाळी रात्रीची, आणि सर्वांत कमी माणसंही बहुधा तिलाच.

लेबर रूममध्ये किती सिस्टर असाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता आस्थापना विभागाचा वाटतो. पदं मंजूर किती, भरलेली किती, रिक्त किती. पण त्या आकड्यांना अर्थ यायचा तर एका बाळंतपणाला प्रत्यक्षात किती हात आणि किती वेळ लागतो, हे आधी पाहायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींनुसार गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलं की कळांचा जोमाचा टप्पा सुरू झाला असं धरतात. तिथून पुढे बाळाच्या हृदयाचे ठोके दर पंधरा ते तीस मिनिटांनी ऐकायचे. तेही यंत्र टेकवून लगेच उचलायचं नाही, किमान मिनिटभर ऐकायचं, कळ ओसरतानाही ऐकायचं. कळा मोजायच्या तर पोटावर हात ठेवून दहा मिनिटं बसावं लागतं. बाई जोर करू लागली की ठोके दर पाच मिनिटांनी. मग बाळ येतं, आणि त्याच क्षणी सिस्टरपुढे एकाऐवजी दोन माणसं असतात. बाळ पुसून आईच्या छातीवर ठेवायचं, ते रडलं का पाहायचं, आईला एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं, नाळ बांधायची, वार पूर्ण पडली का ते उलटसुलट करून तपासायचं, कुठे फाटलं असेल तर टाक्यांची तयारी करायची. पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्यायला आईला मदत करायची.

नातेवाइकांना इथे बाळंतपण झालं असं वाटतं. सिस्टरला तसं वाटून चालत नाही. भारतातल्या प्रशिक्षण पुस्तिकांत पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी आईला तपासायला सांगितलेलं आहे: नाडी, रक्तदाब, पॅडवरचं रक्त, आणि पोटावरून दाबून गर्भपिशवी चेंडूसारखी कडक लागते का. ती मऊ लागली तर ती आकसत नाहीये आणि आत रक्त वाहतंय. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव जगभरात मातामृत्यूचं सर्वांत मोठं थेट कारण आहे, आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही तास सर्वाधिक धोक्याचे. दोन तासांत आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीत आई आणि बाळ दोघं. शेजारच्या टेबलावर दुसरी बाई जोर करत असेल आणि खोलीत सिस्टर एकटीच असेल, तर या आठ फेऱ्यांतल्या चार-पाच होतच नाहीत. तिला तिथून हात काढता येत नाही. केस पेपरवर आठही नोंदी नंतर एकाच शाईने भरल्या जातात, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिच्यावर खोटेपणाचा शिक्का मारणं सोपं आहे. त्या वेळी ती कुठे असायला हवी होती याचं उत्तर देणं अवघड.

आपल्याकडचा रुग्णालयांसाठीचा मनुष्यबळाचा जुना आणि आजही उद्धृत होणारा निकष केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला घालून दिला. सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका, आणि लेबर रूममध्ये टेबलामागे एक. आकडा ऐकायला उदार वाटतो. अडचण मोजमापाची आहे: टेबलांची संख्या ठरलेली असते, बायकांची नसते. दोन टेबलांच्या खोलीत तीन बायका टेबलांवर आणि दोन बाहेरच्या बाकावर कळा देत असल्या, तरी निकषाच्या हिशोबाने खोली दोनच टेबलांची राहते.

बायकांच्या संख्येतला हा चढउतार किती असतो, ते संभाव्यतेच्या साध्या गणिताने काढता येतं. दिवसाला सरासरी बारा बाळंतपणं होणारं रुग्णालय घेऊ. रात्रीच्या बारा तासांत सरासरी सहा येतील. पण बायका एकमेकींना विचारून येत नाहीत, म्हणून साधारण सहा-सात रात्रींतून एका रात्री तीन किंवा त्याहून कमी बाळंतपणं होतील, आणि बारा रात्रींतून एका रात्री दहा किंवा त्याहून जास्त. म्हणजे महिन्यातून दोन-तीन रात्री अशा येणारच. त्या आल्या की 'अचानक गर्दी झाली' असं कारण दिलं जातं. ती गर्दी अचानक नसते. कुठल्या तारखेला येईल एवढंच माहीत नसतं. सरासरीवर माणसं नेमणारं रुग्णालय त्या रात्रींसाठी माणसंच नेमत नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

लहान रुग्णालयाला हा फटका जास्त बसतो. महिन्याला शंभर बाळंतपणं होणारं एखादं ग्रामीण रुग्णालय पाहा. एका बाईचे लेबर रूममधले सात तास कळांचे आणि दोन तास नंतरचे, असे नऊ तास धरले, तर कुठल्याही क्षणी खोलीत सरासरी सव्वा बाई असते. एक सिस्टर पुरेल असं वाटतं. पण गणित सांगतं की दिवसाकाठी सरासरी तीन तास त्या खोलीत तिघी किंवा त्याहून अधिक बायका असतील. दर पाळीला दोन सिस्टर ठेवल्या, तरी त्या तीन तासांत कुणीतरी एकटी पडणार.

आता दर पाळीला दोन सिस्टर म्हणजे पदं किती? आठवड्याचे तास 168. एक सिस्टर आठवड्याला 48 तास काम करते असं धरलं, तर एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. किरकोळ रजा, अर्जित रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरलं की चारच्या वर. दोन जागांना किमान नऊ. या पेशात बहुतांश स्त्रिया आहेत, त्यामुळे सहा महिन्यांची प्रसूती रजा हाही रोजच्या नियोजनाचाच भाग असायला हवा. 'आमच्याकडे सहा सिस्टर आहेत' हे वाक्य बाहेरच्या माणसाला भरभक्कम वाटतं. त्याचा अर्थ रात्री एकच सिस्टर, आणि ती चहाला गेली तर कुणीच नाही.

या गणिताशी जगात सर्वांत थेट भिडलेलं रुग्णालय डब्लिनमधलं. हॉलिस स्ट्रीटवरच्या नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलमध्ये 1960 च्या दशकात डॉ. किअरन ओड्रिस्कॉल यांनी पहिलटकरणींना दोन गोष्टींचं वचन द्यायला सुरुवात केली: कळा ठरावीक तासांच्या पलीकडे लांबू देणार नाही (ही मर्यादा पुढे बारा तासांवर आली), आणि कळा सुरू असेपर्यंत एक परिचारिका सतत तुमच्याजवळ असेल. ही दोन वचनं एकमेकांत गुंतलेली होती. बाळंतपण किती तास चालणार याला कमाल मर्यादा घातली, की किती परिचारिका लागणार तेही सांगता येतं. मर्यादा पाळण्यासाठी पाणमोट लवकर फोडायची आणि कळांचा वेग कमी पडला तर ऑक्सिटोसिनचा ठिबक लावायचा, अशी ती पद्धत. जगभर तिचा बोलबाला झाला, आणि बहुतेक ठिकाणी तिचं अर्धंच अंग उचललं गेलं: ठिबक घेतला, जवळ बसणारी परिचारिका घेतली नाही.

पुढच्या संशोधनाने नेमकं त्या उरलेल्या अर्ध्याचंच मोल दाखवलं. बोस्टनमध्ये झालेल्या आणि 1995 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत डब्लिनच्या या पद्धतीने सिझेरियन कमी झाल्याचं दिसलं नाही. उलट बाळंतपणात सतत सोबत मिळण्याचा परिणाम पाहणाऱ्या 26 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2017 साली आला. सतरा देशांतल्या पंधरा हजारांहून अधिक बायकांच्या त्या अभ्यासात सोबत मिळालेल्यांची नैसर्गिक बाळंतपणं जास्त आणि सिझेरियन कमी आढळली. ठिबकाचं दुसरंही एक वास्तव आहे. माणसं कमी असली की टेबल लवकर रिकामं करायचा मोह होतो, आणि टेबल लवकर रिकामं करायचा हाताशी असलेला उपाय म्हणजे ठिबक. पण ठिबक लावलेल्या बाईकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण कळा फार जोरात आल्या तर बाळाचा प्राणवायू तुटतो. अमेरिकेतल्या प्रसूती परिचारिकांच्या संघटनेने म्हणूनच अशा बाईजवळ एक पूर्ण वेळ परिचारिका असावी असं सांगितलं आहे. जिथे माणसं कमी, तिथेच जास्त माणसं मागणारा उपाय सर्वाधिक वापरला जावा, ही परिस्थिती अंगावर काटा आणणारी आहे.

निकष कागदावर असणं आणि तो पाळला जाणं यांतलं अंतर कॅलिफोर्नियाने कायद्याने भरून काढलं. तिथला कायदा 1999 साली झाला आणि प्रमाणं 1 जानेवारी 2004 पासून लागू झाली: कळा देणाऱ्या दोन बायकांमागे किमान एक परिचारिका, बाळंतपणानंतर आई-बाळाच्या चार जोड्यांमागे एक, जुळी-तिळी असतील तर आया आणि बाळं मिळून आठाच्या वर नाहीत. या नियमाचं बळ त्यातल्या एका छोट्या अटीत आहे. प्रमाण सदासर्वकाळ पाळायचं, म्हणजे परिचारिका जेवायला गेली तरी. रुग्णालयांच्या संघटनेने या अटीला कोर्टात आव्हान दिलं. कोर्टाने ती उचलून धरली. जेवायला जाणाऱ्या सिस्टरच्या जागी दुसरी हवी, हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण मघाच्या हिशोबातली एकटी सिस्टर आठवली की त्याचं वजन कळतं. बाळाची गणती मात्र फार थोड्या ठिकाणी झाली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने 2024 मध्ये कायदा बदलून बाळंतिणींच्या वॉर्डात नवजात बाळालाही स्वतंत्र रुग्ण मानलं. तोवर आठ बाळंतिणी आणि आठ बाळं म्हणजे आठच रुग्ण होते.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. तिथे सुइणीचा, म्हणजे मिडवाइफचा, स्वतंत्र पेशा आहे आणि त्यांची संख्या ठरवायला 'बर्थरेट प्लस' नावाची पद्धत वापरतात. तिची खुबी अशी की ती खाटा मोजत नाही. प्रत्येक बाळंतपण झाल्यावर ते किती गुंतागुंतीचं होतं यावरून त्याला पाचांपैकी एका गटात टाकतात, आणि प्रत्येक गटाला किती तास लागले यावरून पुढच्या काळासाठी माणसं ठरतात. 2015 च्या फेब्रुवारीत तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने, 'नाइस'ने, त्याला धोक्याच्या लाल निशाण्यांच्या यादीची जोड दिली. बाई दारात आल्यावर तिला पहिल्यांदा तपासायला अर्धा तास किंवा जास्त लागला. टाके घालायला तासभर उशीर झाला. ठरलेलं औषध चुकलं. कळा देणाऱ्या बाईला स्वतंत्र सुईण देता आली नाही. यातली एक गोष्ट जरी घडली, तरी पाळीच्या प्रमुखाला कळवायचं आणि जास्तीची माणसं बोलवायची का ते तिथल्या तिथे ठरवायचं.

तरीही त्याच देशात श्रुसबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांचं प्रकरण घडलं. डोना ऑकेंडेन यांच्या समितीने 1,486 कुटुंबांच्या कहाण्या तपासून 30 मार्च 2022 रोजी अंतिम अहवाल दिला. बहुतेक घटना 2000 ते 2019 या काळातल्या होत्या. योग्य काळजी मिळाली असती तर 201 बाळं कदाचित वाचली असती, असा त्याचा निष्कर्ष. त्यांत 131 मृतजन्म होते. सगळा दोष माणसांच्या तुटवड्याचा होता असं अहवाल म्हणत नाही. ठोक्यांच्या आलेखांचं चुकीचं वाचन, सिझेरियन टाळण्याचा अट्टहास, झालेल्या मृत्यूंची धड चौकशी न करणं, आयांचं म्हणणं न ऐकणं हे सगळं त्यात आहे. पण देशभरासाठी केलेल्या तातडीच्या शिफारशींत पहिलं स्थान मनुष्यबळाला आणि त्याच्या निधीला मिळालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथल्या सरकारी आरोग्य सेवेने आपलं एक लाडकं उद्दिष्टही मागे घेतलं: गरोदरपणापासून बाळंतपणापर्यंत एकाच सुइणींच्या गटाने बाईला सांभाळायचं. कल्पना उत्तम होती. ती राबवायला सुइणी नव्हत्या.

मनुष्यबळाला पर्याय म्हणून कागद पुढे करता येईल का, याचं उत्तर भारतानेच दिलं आहे. उत्तर प्रदेशातल्या 120 आरोग्य केंद्रांत सुरक्षित बाळंतपणाच्या तपासणी यादीची चाचणी झाली. दीड लाखाहून अधिक आया-बाळांचा तो अभ्यास. मूळच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कुटुंबातले अमेरिकी शल्यविशारद अतुल गावंडे त्यात होते. 2017 च्या डिसेंबरात निकाल आले. यादी आणि सोबतचं मार्गदर्शन मिळालेल्या केंद्रांत दोन महिन्यांनी आवश्यक गोष्टींपैकी 73 टक्के होत होत्या, इतर केंद्रांत 42 टक्के. मार्गदर्शन थांबल्यावर, वर्षाच्या शेवटी, हे प्रमाण 62 आणि 44 वर आलं. मृत्यूंच्या आकड्यांत मात्र फरक पडला नाही. याची कारणं अनेक असणार. पण निव्वळ यादीने भागत नाही एवढं नक्की झालं.

साधं साधन आणि ते पाहणारं माणूस एकत्र आलं तर काय होतं, याची गोष्ट बेळगावची आहे. रक्तस्राव किती झाला हे नुसत्या नजरेने हमखास कमी धरलं जातं. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत बाळंतिणीच्या खाली अंथरायची, मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी वापरात आणली. तिनेच रक्त मोजत त्याच जिल्ह्यात झालेल्या 1,620 बायकांच्या चाचणीत गावपातळीवरच्या एएनएमनी, म्हणजे सहायक परिचारिकांनी, गर्भपिशवी आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या आणि अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं; हे 2006 साली प्रसिद्ध झालं. पुढे त्याच जातीची पिशवी आणि ठरलेले उपाय एकदम करण्याची शिस्त आफ्रिकेतल्या चार देशांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांत तपासली गेली. 2023 च्या निष्कर्षांत गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया आणि त्यातून होणारे मृत्यू मिळून 60 टक्क्यांनी कमी झाले. पिशवी स्वस्त आहे. तिच्यावरची खूण दर पंधरा मिनिटांनी वाचायला मात्र कुणीतरी तिथे असावं लागतं.

महाराष्ट्रात आज जवळपास 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. 2005-06 मध्ये हे प्रमाण सुमारे 65 टक्के होतं. 2018-20 च्या पाहणीत राज्याचा मातामृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे 33 होता, देशाचा 97. हे मोठं यश आहे आणि त्यात सिस्टरांचा वाटा कुणाहून कमी नाही. जननी सुरक्षा योजनेने, आशाताईंनी, 108 च्या गाड्यांनी बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत आणलं. दाराच्या आतली माणसं किती हवीत हा हिशोब मात्र खाटांवर आणि टेबलांवरच राहिला. रिकाम्या जागा कंत्राटावर किंवा बाहेरच्या संस्थेमार्फत भरण्याच्या धोरणाविरुद्ध राज्यातल्या परिचारिका 2022 च्या मे महिन्यात संपावर गेल्या, तेव्हा बातम्या झाल्या त्या खोळंबलेल्या शस्त्रक्रियांच्या. लेबर रूमला सरावलेली सिस्टर तयार व्हायला वेळ लागतो. तिला सहा महिन्यांनी दुसऱ्या वॉर्डात टाकलं किंवा तिचं कंत्राट संपलं, तर यादीवरचा आकडा तोच राहतो आणि हात नवखे येतात.

सरकारी लेबर रूममध्ये बायकांवर ओरडलं जातं, कधी हातही उगारला जातो, ही तक्रार जुनी आणि खरी आहे. तिचं समर्थन होऊ शकत नाही. पण पाच बायका आणि एक सिस्टर अशा खोलीत हळू आवाजात समजावत बसायला वेळ कुठून यायचा, हेही विचारायला हवं. केंद्राने 2016 पासून सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी एक सोबतीण राहू देण्याला मान्यता दिली आहे. आई, सासू, बहीण कुणीही जवळ असलं की बाईला धीर येतो, पाणी मिळतं, पाठ चोळली जाते. सोबतिणीला ठोके ऐकता येत नाहीत. ती असली म्हणून सिस्टर कमी चालेल, असा हिशोब कुणी करू नये.

सुरुवात करायला नवा कायदाच लागतो असंही नाही. प्रत्येक लेबर रूममध्ये प्रसूती नोंदवही असते. तिच्यात बाईचं नाव, वय, कितवी खेप, जन्माची वेळ, बाळाचं वजन, बाळंतपण कुणी केलं, हे सगळं असतं. त्या क्षणी खोलीत कळा देणाऱ्या बायका किती होत्या आणि सिस्टर किती, हे दोन आकडे नसतात. ते वर्षभर लिहिले गेले, तर महिन्याला शंभर बाळंतपणांच्या रुग्णालयाला नऊ पदं का लागतात हे जिल्हा शल्यचिकित्सकाला मंत्रालयात पुराव्यानिशी मांडता येईल, आणि सहांवर भागवलं तेव्हा कुठल्या रात्री काय झालं तेही दिसेल. जोडीला रात्री तीन वाजता इन्चार्ज सिस्टरने कुणाला बोलवायचं त्याची यादी हवी, बोलवायचा अधिकार तिचा स्वतःचा हवा, आणि जी उठून येईल तिला त्या रात्रीचा मोबदला आणि दुसऱ्या दिवशीची सुट्टी मिळेल असं आदेशात लिहिलेलं हवं. आज हे बहुतेक ठिकाणी सिस्टरांच्या आपसातल्या ओळखीवर आणि भिडेवर चालतं.